भागुजी गवंड्याचं वाक्य

शिनोलीजवळच्या वस्तीवर थायलंडचे भंते येणार हे कळलं, त्या दिवशी भागुजींनी जेवताजेवता सुनेला सांगितलं, "कल्याणी, आपला विहार मी दाखवनार. इंग्रजीतनं."

द्रौपदाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "मराठीत तरी कुठं धड बोलता तुमी? माल आण, पाणी मार, झालं."

"रुपेश बोलंल, लई झ्याक बोलंल. पण दगड त्यानं न्हाई बसवले."

रुपेश म्हणजे भागुजींचा पुतण्या, पुण्यात नोकरीला. इंग्रजी त्याला पाण्यासारखं येई.

कल्याणीला सासऱ्यांचं मन कळलं. जन्मभर त्यांनी लोकांची घरं बांधली आणि कुठल्याच भिंतीवर नाव मागितलं नाही. विहाराची गोष्ट वेगळी होती. जागा वस्तीवरच्याच गोरखनं दिली. उंबऱ्याचा दगड म्हाताऱ्या सारजाबाईंनी आपल्या पडक्या घरातून काढून दिला. बांधकाम भागुजींचं. पाहुण्यांपुढं या देणाऱ्यांतलं एकही नाव गळू नये आणि ती आपल्याच तोंडून जावीत, एवढीच त्यांची इच्छा.

कल्याणी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दुपारी भांडी आवरली की ओट्यावर शिकवणी सुरू होई.

"आबा, आपण म्हणतो, सारजाबाईंच्या घरातला दगड. कोणाचा, कुठला, सगळं सांगून मग दगड. इंग्रजीत दगड आधी ठेवायचा, बाकीचं मागून जोडायचं. द स्टोन. कुठला? फ्रॉम द हाऊस. घर कोणाचं? ऑफ सारजाबाई."

"म्हंजे आधी चौकट हुभी करायची, मग भिंती. उलटंच बांधकाम की."

"आणि आपले 'तला', 'चा', 'वरचा' शब्दाच्या शेपटीला चिकटतात. त्यांचे फ्रॉम, ऑफ, ऑन सुटे असतात, नावाच्या आधी बसतात."

"दोन दगडांच्या सांध्यातला माल म्हन की," भागुजी म्हणाले, आणि कल्याणीला पुढं फार समजवावं लागलं नाही.

मग घरात काही सुटेना. द बफेलो अंडर द ट्री. द लेडी विथ द चिमटा. द्रौपदाबाई म्हणाल्या, "मला शिव्या घालत असतील तर सांग गं पोरी."

वाक्य मात्र वाढतच गेलं. 'द विहार ऑन द लँड ऑफ गोरख, विथ द स्टोन फ्रॉम द हाऊस ऑफ सारजाबाई, इज अवर्स.'

"दोन वाक्यं करू या, आबा. विहाराला एवढं जोडत गेलात, तर शेवटचं 'इज अवर्स'च राहून जाईल. विहार आपला आहे, हे सांगायचंच राहील."

"तोडायचं न्हाई. सगळी एका छपराखाली पायजेत."

तिनं हट्ट धरला नाही.

भंते आले. वंदन झालं. रुपेश पुढं होत म्हणाला, "काका, राहू द्या, मी सांगतो त्यांना."

"तू मागनं सांग, भाऊ," म्हणत भागुजी उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. गोरख झाला. दगड झाला. सारजाबाई झाल्या. आपलं नाव ऐकून पुढ्यात बसलेल्या सारजाबाईंनी पदर सावरला, वर पाहिलं, आणि त्यांचा तो चेहरा बघता बघता भागुजी पुढचं विसरले.

बाजूच्या दाराशी पाण्याचा स्टीलचा जग घेऊन उभ्या कल्याणीच्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. रुपेशनंही तिच्याकडं पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले. इतकं रचत आलेला माणूस शेवटचं आपल्याच हातानं बसवील, एवढी तिला खात्री होती.

भागुजींनी चौकटीवरून तळवा फिरवला. "...इज अवर्स."

भंते हसले, वाकले आणि त्यांनी उंबऱ्याच्या दगडाला हात लावला. मग हळूच विचारलं, "हू टॉट यू?"

हे शिकवणीत नव्हतं. रुपेश अर्थ सांगायला वळला, पण भागुजी आधीच बाजूच्या दाराकडं बघत होते.

"द टीचर..." ते थांबले, मनात काहीतरी रचल्यासारखे. "द टीचर इन माय हाऊस. द लेडी ॲट द डोअर, विथ द वॉटर."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. कल्याणीनं मान खाली घातली नाही.

"काय म्हनले गं?" सारजाबाईंनी द्रौपदाबाईंना कोपरानं ढोसलं.

"मास्तरीन म्हनले तिला." द्रौपदाबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि सुनेच्या हातातला जग त्यांनी काढून घेतला. "आन इकडं. पाणी मी देते. तू जा म्होरं, आबांच्या शेजारी."