साहेबांची सोनेरी किनार

त्या वर्षांत वऱ्हाडात दोनच धंदे जोरात होते, दारूचा आणि फ्लेक्सचा. कपाशी कधी पावसानं जायची, कधी अळीनं, कधी भावानं. पण तिची पाहणी करायला येणाऱ्यांची रीघ काही आटली नाही. नेता आला की चौकात त्याचं स्वागत, गेला की त्याचे आभार, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत कुणाचा तरी वाढदिवस. हे सगळं छापणाऱ्या अमरावतीच्या एका दुकानात मी डिझाइन करायचे. सकाळी गावाहून एसटीनं यायचं, दिवसभर कॉम्प्युटरवर नेत्यांची डोकी कापायची आणि संध्याकाळी परत. कामाचं हे वर्णन ऐकून आई म्हणायची, "बरं हाय, कोनी तं कापून राह्यलं."

फ्लेक्सवरच्या डोक्यांची उतरंड असते. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठे साहेब. त्यांच्याखाली भाऊ, मग दादा, आणि तळाला पासपोर्टएवढ्या चौकोनांत शुभेच्छुकांची रांग. दुकानाचे मालक चाचा मूळचे पेंटर. निम्म्या शहराच्या पाट्या त्यांनी ब्रशनं रंगवल्या होत्या. फ्लेक्स आला तेव्हा ब्रश धुऊन ठेवला आणि मशीन घेतलं. ही उतरंड त्यांना तोंडपाठ होती. मी नवी असताना एकेका चेहऱ्याला वेगळी सावली, वेगळी चकाकी, वेगळी किनार देत बसायचे. अख्खी दुपार त्यात जायची. मग कळलं की एका लेयरला, म्हणजे चित्राच्या एका थराला, चढवलेला सगळा साज जसाच्या तसा उचलून दुसऱ्यावर टाकता येतो. कॉपी लेयर स्टाईल, पेस्ट लेयर स्टाईल, झालं. नाव देऊन तो साठवूनही ठेवता येतो. मी चार साज करून ठेवले: 'साहेब', 'भाऊ', 'दादा' आणि 'बाकीचे'. 'साहेब'मध्ये जाड सोनेरी किनार, मागे पिवळं तेज आणि खाली अशी सावली, की साहेब आता फ्लेक्समधून उतरून आपल्या अंगावर येतायत असं वाटावं. 'बाकीचे'मध्ये नुसती बारीक पांढरी रेघ. दुपार खाणारं काम चहा गार व्हायच्या आत होऊ लागलं. चाचा खूश झाले, पण एक अट घातली. "बेटा, साहेबवाला दुसऱ्या कोनाले लावजो नको." मला ते कधीच पटलं नाही.

आमचं गाव कौंडण्यपूरच्या बाजूला, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी. त्यामुळे पलीकडचे लोकही प्यायला आमच्याकडे येत आणि चौकातल्या देशीच्या दुकानासमोर सकाळपासून जत्रा भरे. शेवटी गावातल्या बायांनी अर्ज केला आणि फक्त बायांचं मतदान लागलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहील, आडवी बाटली म्हणजे बंद. त्यात मेख अशी, की झालेल्या मतांतली नाही, गावातल्या सगळ्या बाया-मतदारांपैकी निम्म्यापेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे पुरुषांना काही जिंकायचं नव्हतं, बाया घरात ठेवल्या की पुरे होतं. काहींनी बाहेरून कडी लावली, काहींनी त्याच दिवशी पाहुणे बोलावले. तरी बाया आल्या. एक तर पिठाचे हात घेऊन आली होती. बाटली आडवी झाली. घरोघर फिरून हे सगळं जुळवणारी होती माझी आई, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की एसटीत अनोळखी बाईला मी हे सगळं सांगत सुटले.

आठवडाभरानं आई थेट दुकानात आली. हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत बायांचे फोटो. कुणाचा कार्डावरचा, कुणाचा लग्नातल्या घोळक्यातून ओळखून घ्यावा लागणारा.

"फ्लेक्स पायजे," ती चाचांना म्हणाली. "चौकात, त्या दुकानाच्या तोंडासमोर."

"वर कोन घ्यायचं, बाई?" चाचांनी सवयीनं विचारलं.

"वर आभाळ हाय ना. आमाले दुसरं कोनी नोको. आन सगळ्या सारख्या पायजे. कोनी मोठी नाई, कोनी ल्हान नाई."

साहेबांच्या वाढदिवसाचं काम घेऊन त्यांचा कार्यकर्ता तिथंच बसला होता. तो आमच्याच गावचा. मतदान लागलं तेव्हापासून गावात फिरकला नव्हता, आता मात्र लगेच सरसावून बसला.

"मावशी, पैसे आमी देतो. वर फक्त साहेबाइचा फोटो टाकू."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"मतदानाच्या दिवशी साहेब कुठी होते बाप्पा?" आईनं विचारलं. "लाइनीत तं दिसले नाई."

"बायाइच्या मतदानात साहेब कसे येतीन?"

"मंग बायाइच्या फ्लेक्सवर कसे येतीन?"

मी हसले. मोठ्यानं हसले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि उठताना तो चाचांना म्हणाला, "चाचा, वाढदिवसाचं काम कोनाले द्यायचं ते आता तुमीच ठरवा."

आई गेल्यावर मी चेहरे कापायला घेतले. कुणाच्या खांद्यावरचा नवऱ्याचा हात काढला, कुणाच्या गालावरचा शिक्का पुसला. साज चढवायची वेळ आली तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. 'साहेब' उचलला आणि पहिल्या बाईवर टाकला. तिचा चेहराच गायब झाला! ती किनार साहेबांच्या मोठ्या डोक्याच्या मापाची. लहान चेहऱ्यावर टाकली की सगळं सोनंच सोनं. मग साज चेहऱ्याच्या बेतानं कमी केला, एकीवर नीट बसवला, तिथून कॉपी केला, उरलेल्या सगळ्या बाया एकदम निवडल्या आणि पेस्ट केला. एका क्लिकमध्ये सगळ्या झळाळल्या. उतरंड रचायला माणसांना पिढ्या लागतात, ती मोडायला मला एक क्लिक पुरला.

चाचा मागे येऊन उभे होते. "ये नहीं चलेगा, बेटा. बाकीचेवाला टाक."

"ह्या बाकीच्या नाहीत, चाचा."

"अगं, वाढदिवसाचं काम जाईन. आपल्याले बी पोट हाय."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्या आईला मी बाकीची करणार नाही."

माझा आवाज चढला होता. चाचांनी चष्मा काढला. तो खिशात टाकत म्हणाले, "मी चहा पिऊन येतो. मी काई पाह्यलं नाई." ते गेले आणि मी मशीन सुरू केलं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी बाया शेतातून येताना चौकात थांबल्या, आपापला चेहरा शोधत राहिल्या, एकमेकींना ढोसत हसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीला निघाले तर फ्लेक्स ब्लेडनं चिरलेला. एकूणएक चेहरा, मधोमध. कुणी चिरला ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी सांगत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई शेजारी उभी होती, ती काही रडली नाही.

"ते फाइल हाय ना तुह्याजोळ?" तिनं विचारलं.

"आहे."

"मंग फाडू दे ना. थांब जराशीक, हे एसटी सोडून दे."

ती गेली आणि परत आली ती पन्नी भरून. घरच्यांच्या धाकानं ज्यांनी आधी फोटो दिले नव्हते, त्यांनी चिरलेले चेहरे बघून आता दिले होते. काही तर स्वतः माझ्या हातात ठेवून गेल्या.

पुढच्या एसटीनं मी दुकानात पोचले तर चाचा रिकामे बसले होते. वाढदिवसाचं काम दुसरीकडे गेलं होतं. ते मला घरी पाठवतील असं धरूनच मी सोबत आणलेला फाटका फ्लेक्स काउंटरवर पसरला. चाचांनी एकेक चीर बोटानं मिटवून पाहिली.

"माझ्या पाटीवर लोक पान थुंकले," ते म्हणाले, "चुना फासला. मगर काटा किसीने नहीं." मग माझ्याकडे न बघता, "साइज वाढव. जागा कमी पडून राहिली."

मी नवे चेहरे कापले, जुन्यांच्या शेजारी बसवले आणि तोच साज त्यांच्यावर टाकला.

दुसरा फ्लेक्स पहिल्याच्या दुपटीनं मोठा झाला. बाया तो बांधत असताना तो कार्यकर्ता मोटरसायकलवरून आला आणि एक पाय टेकून बघत राहिला.

"काय पाहता भाऊ?" आई शिडीवरूनच म्हणाली. "फाडायचा असन तं फाडा. आमी अजून मोठा करतो."

"मी काहून फाडू?"

"नाई, म्हटलं सांगून ठेवावं." ती खाली उतरली, कमरेला खोचलेल्या पन्नीतून एक फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. "तुमच्या बायकोनं सकाळी आनून देल्ला. ह्या खेपेले जागा नाई उरली. तिले म्हटलं, पुढच्या वक्ताले तुह्याच नंबर पयला."