तिसरा दात

संग्रहालयात तिला सगळे भिंगताई म्हणत. तिची खोली जिन्याखाली होती. टेबलावर सूक्ष्मदर्शक, एक बारीक कुंचला आणि कुप्यांमध्ये समुद्रातल्या शिंपल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. वरून सगळ्या सारख्याच. ओळख आत असते. दोन झडपा जुळतात त्या बिजागरीवर बारीक दात असतात, ते पाहून जाती ठरते.

या शिंपल्यांच्या प्रजातीत जाती पाच. पाचवी ताईनेच तरुणपणी ठरवलेली. बाकीच्यांना तीन दात, हिला दोनच. शिंपल्या थोरल्या भावाने बुड्या मारून आणल्या होत्या, म्हणून नाव त्याचं दिलं. तेव्हापासून दादा भाव खाऊन होता. न्हाव्याकडे असो की दवाखान्यात, "आमच्या नावाचा जीव आहे समुद्रात" हे सांगितल्याशिवाय तो उठत नसे.

यंदा होडीवाल्यांनी उथळापासून खोल पाण्यापर्यंतची वाळू आणून दिली. ताईने ती चाळली, शिंपल्या काळ्या कागदावर लहानापासून मोठीपर्यंत ओळीने मांडल्या आणि भिंगाखाली धरल्या. सगळ्यात लहान होत्या त्यांना दोन दात. त्याहून मोठ्यांना तिसऱ्याच्या जागी फुगवटा. मग टोक. मग चांगला धडधाकट दात, पहिल्या जातीला असतो तसाच. म्हणजे पाचवी जाती ही पहिलीचीच पिल्लं. पिल्लं उथळ पाण्यात वाढतात, आणि दादा उथळातच बुडी मारायचा.

चूक दुरुस्त करणारा लेख लिहायला ताईने लगेच कागद पुढे घेतला. शेजारच्या खोलीतले मासेवाले सर म्हणाले, "कशाला उकरून काढताय? कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना."

मग तिने दादाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"चिंगे, मला पुसून टाकणार तू?"

"तुला नाही रे. जातीला."

"मी मरेपर्यंत तरी थांब."

"तू शंभरी गाठशील. तोवर सगळ्यांनी चुकीचं शिकायचं?"

"नाक तुझंच कापलं जाईल."

"माझ्या हाताने कापतेय, नीट कापेन. बस इथे. पाचवी कुठे संपते आणि पहिली कुठे सुरू होते, दाखव. दाखवलंस तर लिहीत नाही."

दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगाला डोळा लावला. कुंचल्याचं टोक एका शिंपलीशी नेलं. मग पुढच्या. मग परत मागे. ताईने घाई केली नाही.

"ह्या फुगवट्याला दात म्हणायचं का?"

"तूच ठरव."

"म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत." तो पुन्हा वाकला. बराच वेळ तसाच राहिला. शेवटी त्याने कुंचला खाली ठेवला.

"लिही. पण शिंपल्या कोणी आणल्या ते पहिल्याच परिच्छेदात येऊ दे."

"येईल की."

ताईने लिहिलं, या प्रजातीत जाती चार. दादाने तिच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि अक्षर जरा मोठं काढायला सांगितलं.