मापाचं जॅकेट

वृंदावन योजना नावाच्या वसाहतीजवळच्या तरणतलावावर स्कूबा शिकवतात त्यांना आम्ही सगळे नुसतं मास्टरजी म्हणतो. पाण्यात तोल सांभाळणारं हवेचं जॅकेट ते प्रत्येकाला स्वतः चढवतात आणि पट्टा आवळण्याआधी दर वेळी "माफ़ कीजिएगा" म्हणतात. मग त्यात गच्च हवा भरून एखादा भिकार विनोद सांगतात. पोटभर हसता आलं तर माप बरोबर. हसताना छाती आवळली तर जॅकेट बदलायचं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर अंदमानला जायचं म्हणून मी शिकायला गेले. मी बुटकी, अंगानं भरलेली. मोठं जॅकेट कानांपर्यंत चढायचं, लहानात श्वास कोंडायचा.

"बड़ावाला चल जाएगा, मास्टरजी," मी म्हटलं.

"पानी में नहीं चलेगा, मैडम. आज किनारे बैठकर चाय पीजिए."

मला रागच आला. वय बघून टाळताहेत, असं वाटलं.

पुढच्या रविवारी ते स्कूटरला एक जॅकेट बांधून आले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अलीगंजला, त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहते; तिच्याकडून मागून आणलं होतं. मला घालून त्यांनी ते खांद्यांना धरून वर खेचलं. ते जागचं हललं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तळाजवळ अलगद तरंगले. थोड्या वेळानं मास्टरजींनी अंगठा वर केला, म्हणजे आता वर चला. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा तेच. मग त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्या शेजारी येऊन तेही निवांत तरंगत राहिले.