लेण्यावरचा पिंपळ

केबल टीव्ही नवा होता तेव्हा मी अंबाजोगाईला मेडिकलला होते. परीक्षेआधी रोज तिथल्या कोरीव लेण्याच्या माथ्यावर, दगडाच्या भेगेत उगवलेल्या पिंपळाला तांब्याभर पाणी घालायचे. एके सकाळी एक म्हातारा चप्पल काढून त्या रोपाच्या पाया पडला आणि खुरप्यानं ते मुळासकट काढू लागला.

"पिंपळ उपटता? पाप लागेल!" मी ओरडले.

"लागू दे, माय. पाऊस पैल्यासारखा न्हाई ऱ्हायला. महिन्याचा एका घंट्यात पडतोय. मुळानं रुंदावलेल्या या भेगेतून शिरला तर खाली लेण्यातले दगडी हत्ती फुटतील."

मग त्याला माझा तांब्या दिसला. पण तो रागावला नाही.

"चल, रोप खाली लावू. पाणी तिथं घाल."

आज पेशंटची चूक सापडली, की मी त्या म्हाताऱ्यासारखं बोलायचा प्रयत्न करते.