अकराव्या ओळीचा संदेश

परक्याने दगा दिला तर माणूस दोन शिव्या घालून मोकळा होतो. केसाने गळा कापतो तो आपलाच. माझा कापला तो आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकांनी. ते बाबांबरोबरच नागपूरहून भोपाळला नोकरीसाठी आलेले. मी इंजिनियर होऊन त्याच कारखान्यात लागले तेव्हा नेमके तेच माझे साहेब निघाले. ऑफिसात मी त्यांना 'सर' म्हणायची, टाउनशिपच्या फाटकातून आत शिरलं की 'काका'.

तेव्हा कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं नवी आली होती. कारागिरांना स्वतः हुकूम लिहिता यावेत म्हणून आमच्या विभागाने एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा केली होती, हिंदी शब्दांची. कटर नीचे, कटर ऊपर, इतना आगे. काही चुकलं तर मशीन सुरू होण्याआधी पडद्यावर संदेश यायचा, कितव्या ओळीत काय चुकलंय त्याचा. हे संदेश बरोबर येतात की नाही हे तपासणं माझं काम. हिला मुद्दाम चुका करायचा पगार मिळतो, अशी कॅन्टीनमध्ये माझी चेष्टा चालायची, आणि ती खरीच होती. मी एकेक चुकीचा छोटा प्रोग्राम लिहायची आणि त्यावर नेमका कोणता संदेश यायला हवा ते वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायची. मग प्रोग्रामने दिलेला संदेश आणि माझा संदेश कॉम्प्युटर ताडून बघे. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी नापास.

यातला मुख्य नियम मला काकांनीच शिकवला. जो संदेश यायला हवा तो आधी आपल्या डोक्याने, आपल्या हाताने लिहायचा. प्रोग्रामने दिलेल्या उत्तरावरून तो कधीही उतरवायचा नाही. पोराची वही बघून मास्तर उत्तरं ठरवायला लागला तर सगळा वर्ग पास होईल, असं ते म्हणायचे. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी घरी येऊन आईलाही ऐकवलं होतं.

मशीन शॉपमध्ये एक मिस्त्री होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, मला 'बिटिया' म्हणायचे. आमच्या भाषेत शेरा लिहायची सोय होती. शेऱ्याची ओळ मशीन नुसती सोडून देई. मिस्त्री आणि त्यांच्या वयाचे सगळे कारागीर पहिल्या ओळीत शेरा म्हणून 'जय विश्वकर्मा' लिहीत आणि मगच कामाला लागत. ओळी मोजताना कागदावर बोट ठेवून मोजत, आणि पहिलं बोट विश्वकर्म्यावर. ते बघून मी मुद्दाम एक चाचणी लिहिली होती. वर शेरा असला तरी संदेशातला ओळीचा आकडा शेरा धरूनच आला पाहिजे.

पुढे दिल्लीचे मोठे साहेब आमची भाषा बघायला येणार असं ठरलं. संदेश दिसायला देखणे हवेत म्हणून काकांनी तो सगळा भाग नव्याने लिहिला. चौकट, खाली बाण, सगळा थाट. माझ्या पुष्कळशा चाचण्या एकदम नापास झाल्या. त्यातल्या किती नुसत्या चौकटीमुळे आणि किती खऱ्या चुकीमुळे, हे एकेक बघून ठरवावं लागणार होतं. मी चार दिवस मागितले. पण मामेबहिणीचं लग्न होतं नागपूरला. तू जा, मी बघतो, असं काका म्हणाले आणि मी शुक्रवारी गाडीत बसले.

सोमवारी आले तर सगळं पास. तपासणीचं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडून ठेवलेलं. काका म्हणाले, "सही कर, पोरी. झालंय सगळं." मी केली. एक फाइल उघडून बघितली नाही. काकांनी बघितलंय म्हटल्यावर परत बघणं मला उद्धटपणाचं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी मिस्त्रींच्या हातून एक महागडा जॉब, म्हणजे मशीनवर कापायला लावलेला तुकडा, वाया गेला. त्यांच्या प्रोग्राममध्ये बाराव्या ओळीत भोक पाडायला 'कटर नीचे' होतं आणि त्यानंतर कटर उचलायचा राहिला होता. संदेश आला तो अकराव्या ओळीनंतर उचला असा. त्यांनी बोटाने मोजलं आणि सांगितल्याप्रमाणे अकरावीनंतर 'कटर ऊपर' घातलं. मशीनने फक्त नीचे आणि ऊपर यांची संख्या जुळतेय एवढं बघितलं आणि चालू झालं. ऊपर आधी झालं आणि नीचे नंतर, त्यामुळे कटर खालीच राहिला आणि जॉबवरून फरफटत गेला. मिस्त्रींना मेमो मिळाला, चौकशी समिती बसली. एवढ्या वर्षांच्या कारागिराला हे दिसू नये हा निष्काळजीपणा, म्हणून त्यांना निवृत्तीच्या तोंडावर हेल्परच्या जागेवर उतरवायचं घाटत होतं.

मी माझ्या फाइली उघडल्या. विश्वकर्मावाल्या चाचणीत मी लिहिलेला आकडा गेला होता, तिथे एकाने कमी आकडा होता. काकांच्या नव्या प्रोग्रामने शेरा मोजायचं सोडलं होतं. नापास झालेल्या सगळ्या चाचण्यांच्या उत्तरांवर तारीख मी लग्नाला गेले होते त्या शनिवारची, वेळ एकच. एका मिनिटात माणूस एवढ्या फाइली हाताने लिहीत नाही. प्रोग्रामने जे जे ओकलं ते सगळं काकांनी बरोबर उत्तर म्हणून उतरवून घेतलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रागारागाने मी त्या तारखांचा कागद छापून घेतला, आणि रागाखाली मला रडू येत होतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी नेहमीसारखा चहा ठेवला. काकांनी काहीच नाकारलं नाही. साहेब यायचे होते, वेळ नव्हता, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मग चौकशीत तसं सांगा. त्यांनी आपला चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, "मिस्त्रीचं काय, दीड वर्ष राहिलंय त्याचं. तू गप्प राहा, म्हणजे मलाही तुझी सही दाखवावी लागणार नाही." चहा तसाच टाकून मी उठले.

चौकशीत मी तारखांचा कागद पुढे केला. काकांनी रजिस्टर पुढे केलं. तपासणी कोणाची होती हे इथे लिहिलंय, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "दस्तख़त आपके हैं?" मी हो म्हटलं. "देखकर किए थे?" मी नाही म्हटलं.

मिस्त्रींचा मेमो मागे घेतला गेला. माझ्या गोपनीय अहवालात निष्काळजी असा शेरा आला. काकांना त्याच महिन्यात बढती मिळाली आणि काकूंनी आमच्याकडे पेढे पाठवले. टाउनशिपमध्ये अबोला परवडत नाही. एकच भाजीबाजार, एकच गणपती, सकाळी फाटकातून एकदमच बाहेर पडायचं. मी पेढ्याला हात लावला नाही. आईने माझ्या वाटचाही खाल्ला आणि वर म्हणाली, पेढ्यावर कसला राग.

पुढचा महिनाभर मी प्रत्येक चाचणीचं उत्तर परत हाताने लिहिलं. सगळे आकडे, सगळे बाण. जिथे प्रोग्राम चुकत होता तिथे तो दुरुस्त करून घेतला. ते झाल्यावर मी आधी मशीन शॉपमध्ये गेले, मिस्त्रींना सांगायला. त्यांच्या पडद्यावर तेव्हा एक संदेश आलेलाच होता, आणि अगदी बरोबर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागद उचलला, वरपासून एकेक ओळ स्वतः वाचत खाली आले आणि चूक शोधून काढली.

"बुरा मत मानना, बिटिया," ते म्हणाले. "मैसेज आता है, पर अब मैं पढ़ता नहीं."

मी सांगितलं की आता सगळे संदेश बरोबर येतात, प्रत्येक मी स्वतः तपासलाय.

"हाँ," ते हळूच म्हणाले. "दस्तख़त तो तुमने तब भी किए थे."