इमानदारीचं खातं

किस्से साठतात ते सांगायला कुणी नसतं म्हणून. त्या त्या दिवशी कुणाला सांगून टाकले असते, तर एकही उरला नसता! सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या सांधेसुजीवर संशोधन करणारी मी एकटीच. खोली एक, खुर्च्या दोन.

दारावर पाटी होती ‘इम्युनॉलॉजी’. एका म्हाताऱ्यानं ती अक्षरं जुळवत वाचली. "इमानदारीचं खातं हेच का, बाई?"

"हो, या ना!"

त्याला जायचं होतं एक्स-रेला. चहा पिऊन गेला.

*

तपासणीला मेंढीचं रक्त लागायचं. म्हणून मागच्या लिंबाखाली एक मेंढीच बांधली. शिपाई निंगप्पा रोज विचारायचा, "म्याडम, कवा कापायची?"

"कापायची नाही रे. थोडं रक्त घ्यायचं, बस्स."

पुढं त्यानं विचारणंच सोडलं. मी म्हटलं, "का रे, आता विचारत नाहीस?"

"तुमी तिच्यासंगं बोलताय की वो. बोललेलं कसं खायाचं?"

*

एकदा प्रयोग पहिल्यांदाच नीट जमला. पुण्याच्या सरांना ट्रंक कॉल लावला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. पलीकडून नुसतं "हां... हां..."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"म्याडम, मी ऑपरेटर. लाइन कवाच तुटली. तुमी लई खुशीत होता, मग कसं थांबवायचं? अभिनंदन!"

*

रुक्मिणी मोडनिंबची. आठ वर्षांची पोर, दोन्ही गुडघे सुजलेले. तिच्या आईला मी समजावत होते, "शरीराचे राखणदार असतात ना, ते चुकून घरच्यांनाच मारतात."

"व्हय की," आई म्हणाली. "आमच्यातबी तसंच हाय."

आणि तिनं पदर दंडावर ओढून घेतला.

*

सुगी आली, आई गावी गेली. रुक्मिणी वॉर्डात एकटी. रक्त घेताना तिनं रडू नये म्हणून मी तिला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. सुई निघाली की गोष्ट बंद!

एका दुपारी ती भिंत धरत धरत माझ्या खोलीत आली. खुर्चीवर बसली आणि हात पुढं केला.

"अगं, आज रक्त नाही घ्यायचं."

"घ्या की."

"दुखेल ना!"

"दुकू द्या. तुमी तवाच बोलताय."

मी तिच्या हाताला रबरी नळी सैलशी बांधली. सुई उकळायला ठेवलीच नाही.

"कुठपर्यंत आलो होतो गं?"

"तुमची आई दारात हुबी व्हती," ती म्हणाली.