बशी मागितली तेव्हा

त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. कळमनुरीला त्यांचा टीव्ही दुरुस्त करून झाला होता आणि हिंगोलीच्या बससाठी माझा जीव नुसता वर-खाली होत होता. बाई मात्र कपातली कॉफी-साखर चमच्यानं फेटतच होत्या. फेस मनासारखा येत नव्हता. शेवटी उकळतं दूध ओतून, ओठ दाताखाली धरून, काडेपेटीतल्या काडीनं त्यांनी फेसावर काहीतरी काढलं. दोन्ही हातांनी कप आणून ठेवला.

"बशी देता का? उशीर होऊन राहिला," मी म्हणालो आणि कॉफी बशीत ओतून दोन घोटांत संपवली.

बाई विस्कटलेल्या फेसाकडे पाहत राहिल्या. "घरचे बी असंच पितेत. म्हून तुमाला बशी दिली न्हवती."

बस मिळाली. फेसावर काय काढलं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.